चहाच्या पेटीतला गणपती

माझी नात मीरा शाळेच्या बँडमध्ये गिटार वाजवते. लाल रंगाची, विजेवर चालणारी. आमच्या टोकियोतल्या निशी-कसाईच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये तिची वायर कोणाच्या पायात येईल याचा नेम नसतो. परवा तिनं माझ्या कानात ते इअरफोनचं बोंडूक कोंबलं, एक विलायती रॉक अँड रोलचं गाणं लावलं आणि म्हणाली, "आज्जी, हे ऐक, फार जुनं आहे, तुझ्या वेळचं." मी ऐकलं आणि म्हटलं, "छान आहे गं, पण हे माझ्या नंतरचं. मी वाजवत होते तेव्हा तिकडच्या पोरांकडे असली वाद्यं नव्हती. खोकी बडवायची बिचारी." मीरा म्हणाली, "उसो!" आजी खोटं बोलतेय, हे तिच्या तोंडावर सांगायला जपानीत दोन अक्षरं पुरतात. म्हटलं, थांब बये, लिहूनच काढते.

आम्ही तेव्हा योकोहामात राहत होतो, टेकडीच्या पायथ्याशी, एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. बाबा एका सिंधी शेठच्या रेशमाच्या पेढीवर होते. माल पेट्यांत भरून जहाजावर चढेपर्यंत त्याच्यामागे धावायचं, हे त्यांचं काम. खाली घरमालकीण, ओबासान म्हणायचो आम्ही तिला. आईनं हिंगाची फोडणी टाकली की खालच्या खिडक्या धडाधड उघडायच्या, अगदी बर्फ पडत असलं तरी. आई म्हणायची, "तिला आवडतो वास." आम्ही कोणी तिचा गैरसमज दूर केला नाही. घरात आवाजांना तोटा नव्हता. बंदरातल्या जहाजांचे भोंगे, संध्याकाळी तोफूवाल्याची पिपाणीसारखी तुतारी, आणि सकाळी बाबांचं घसा साफ करणं, जे भोंग्यांच्याही वरचं होतं. आई विळी घेऊन तातामीच्या चटईवर बसायची आणि ओबासान जिन्यातून डोकावून त्या चटईकडे असं बघायची की जणू तिच्याच पाठीवर विळी ठेवलीय. पण दोघींचं मेतकूट होतं. मेतकूट खरंचंच, आई तिला वाटीभर द्यायची आणि ती ते गरम भातावर घालून खायची.

मी परदेशी मुलांच्या शाळेत जायचे. तिथे माझ्या वर्गात डेनिस होता. बाप इंग्रज, बंदरातल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात. डेनिस म्हणजे नुसती काठी, त्यावर कोपरं लावलेली. त्याचा चुलतभाऊ लंडनला होता आणि तो दर दोन-तीन जहाजांआड एक तबकडी पाठवायचा. एकदा डेनिसनं शाळा सुटल्यावर मला आणि किशनला घरी नेलं. किशन म्हणजे बाबांच्या शेठचाच मुलगा, माझ्याएवढाच, खिशात सतत काहीतरी खायला असलेला. डेनिसनं तबकडी लावली. आधी वाटलं सुई अडकलीय. नुसतं खसखस-खसखस, त्याखाली ढुम ढुम, आणि वर एक माणूस नाकातून अशा घाईनं गात होता की जणू त्याची गाडी सुटतेय. खरोखरच ते गाणं आगगाडीवरच होतं. किशन म्हणाला, "ये क्या बजा रहे हैं?" डेनिस छाती फुगवून म्हणाला, "कपडे धुवायची फळी. आणि चहाची पेटी."

त्या प्रकाराला स्किफल म्हणत. आता सगळे विसरले. मूळ गाणी अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांची, आगगाड्यांची, तुरुंगाची, कापसाच्या शेताची. ती उचलली लंडनच्या पोरांनी, ज्यांनी आयुष्यात कापूस पाहिला तो जखमेवर लावायचा. लढाई संपल्यावरही कितीतरी वर्षं त्यांच्या देशात साखरेचीसुद्धा मारामार होती, वाद्यं कुठून आणणार? मग एकानं जुनी गिटार मिळवायची, दुसऱ्यानं आईची धुण्याची फळी पळवायची, तिसऱ्यानं चहाच्या रिकाम्या पेटीला काठी आणि दोरी लावायची. तीन सूर आले की झाला बँड. गल्लोगल्ली असे बँड निघाले, आणि पुढे ज्यांच्या नावानं जगभरच्या मुली किंचाळल्या त्यांतले कितीतरी पोरगे या खोक्यांवरच शिकले. मीराला सांगते ते हेच, की बाई, तुझ्या त्या लाल गिटारीची आजी धुणं धूत होती.

तर आम्हीही बँड काढला. डेनिसकडे गिटार होती. किशननं घरच्या मोलकरणीची फळी उचलली, पण जपानी धुण्याची फळी असते लाकडाची. तिच्यावर बोटं घासली तर उंदीर कुरतडतोय असा आवाज. त्यानं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला घड्या पाडून वर ठोकला आणि बोटांत घालायला मी आईची शिवणाची अंगुस्तानं नेऊन दिली. आई पुढे कितीतरी दिवस ती ओबासानच्या मांजरानं नेली असं धरून चालली होती. माझ्याकडे पेटी आली, कारण मी दोघांपेक्षा उंच होते. पेटी उपडी ठेवायची, तळाला मधोमध भोक, त्यातून कोळ्यांची जाड तात ओवून आतून गाठ. तातेचं दुसरं टोक कपडे वाळत घालायच्या बांबूला. बांबूचं बूड पेटीच्या कडेवर टेकवायचं, एक पाय पेटीवर दाबून ठेवायचा, आणि बांबू मागे खेचला की सूर वर, सोडला की खाली. कुठे कुठला सूर ते कुठेही लिहिलेलं नाही. हाताला आणि पोटाला कळतं. मला ते पहिल्या दिवशीच कळलं. घरात मी हार्मोनियम शिकावं म्हणून बाबांनी जंग जंग पछाडलं होतं आणि माझा एक सा धड लागत नव्हता, आणि इथे पाय दाबून बांबू खेचला की पोटात असा घुमायचा तो सूर, की मला दात आवळून हसू यायचं. शाळेत मी काळी, उंच, तेल लावलेल्या दोन वेण्यांची मुलगी होते. शेठच्या गोदामात आम्ही सराव करायचो, तिथे पेटीवर पाय ठेवला की मी कोणीतरी होते.

बाबांना हे कळलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "खोकी बडवणं म्हणजे संगीत? मग आमच्या पेढीवर दिवसभर मैफलच चालते."

भाद्रपद जवळ आला तेव्हा आमची लॉटरी लागली. खलाशांच्या क्लबात शनिवारी मदतनिधीसाठी जलसा होता आणि क्लब चालवणाऱ्या पाद्रीबाईंनी आम्हाला तीन गाणी दिली. पण डेनिसच्या मोठ्या बहिणीवर एक अमेरिकन नाविक लट्टू झाला होता, रॉय नावाचा, आणि तो खरा डबल बास वाजवायचा, माणसाएवढा, पॉलिश केलेला. बहिणीला त्याला स्टेजवर बघायचं होतं. डेनिस मला म्हणाला, "मी तिला सांगितलंय, आमच्याकडे बेबी आहे. पण शनिवारी पेटीत काही गडबड झाली तर मग रॉय." बेबी म्हणजे मी. डेनिस सरळ पोरगा होता, त्यानं धमकी दिली नव्हती, हवामान सांगितलं होतं. मी रोज सराव केला, बोटं सोलली, आईला सांगितलं की भाजी चिरताना कापलं. तिनं मला आठवडाभर भाजी चिरू दिली नाही, हा फायदाच.

मग गोदामात रेशमाचा नवा माल आला आणि किशनच्या वडिलांनी आमचं सामान बाहेर काढलं. पेटी मी घरी आणून जिन्याखाली ठेवली. बुधवारची गोष्ट. गुरुवारी चतुर्थी.

आता आमच्या गणपतीचं सांगायला हवं. आईचं माहेर पेणचं, मूर्तिकारांच्या शेजारचं, त्यामुळे तिच्या बोटांना माती कळायची. कुंड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून माती आणून ती दरवर्षी मूर्ती करायची. जास्वंद मिळायची नाही, मग कुंपणावरची मुकुगेची फुलं, जास्वंदीची फिकट चुलतबहीण. मोदक, दांगो नावाचे जपानी गोड गोळे करतात त्या तांदळाच्या पिठाचे, आणि गूळ नाही म्हणून आत ओकिनावाची काळी साखर. वाफवल्यावर सारण पारीतून काळंभोर दिसायचं. बाबा दरवर्षी म्हणायचे, "मोदक आहेत का कोळसे?" आणि दरवर्षी सगळ्यांत जास्त तेच खायचे.

गुरुवारी शाळेत माझी परीक्षा होती, म्हणून पूजेला थांबता आलं नाही. दुपारी घरी आले. दार उघडताच आईचा चेहरा असा फुललेला की जणू कोणी सोन्याच्या पाटल्या दिल्यात. म्हणाली, "बघ तरी यंदाचं मखर!" मी बघितलं. माझी पेटी. आडवी केलेली, तोंड पुढे, बाहेरून रंगीत कागद, आणि आत, चहा ओला होऊ नये म्हणून असतो तो चांदीचा वर्ख समईच्या उजेडात झगझगतोय. मधोमध गजानन, सोंड डावीकडे. मी तातेसाठी पाडलेल्या भोकातून आईनं बल्बची वायर घेतली होती.

"भोकसुद्धा आयतं मिळालं बघ," आई म्हणाली. "देवाची इच्छा असली की असं होतं."

मी देवापुढे बसले आणि रडायला लागले. आईला आधी वाटलं भक्तीनं. मग मी सगळं सांगितलं, रॉय, जलसा, शनिवार. आईचा चेहरा उतरला. "मला वाटलं रिकामं खोकं आणलंस डेकोरेशनला," ती म्हणाली. दुसरं खोकं मिळणार नव्हतं. तसली पातळ फळ्यांची सिलोनी पेटी डेनिसच्या बापाच्या ऑफिसात क्वचित यायची, आणि सफरचंदाच्या खोक्यावर आम्ही आधीच करून पाहिलं होतं, त्याचा आवाज चप्पल आपटल्यासारखा.

संध्याकाळी डेनिस आणि किशन आले. मी किशनच्या घरी फोन करून गळा काढला होता. बाबा पेढीवरून आलेले, सोवळं नेसून आरतीच्या तयारीत. पाहुणे म्हणून दोघांना त्यांनी चटईवर बसवलं आणि मग म्हणाले, "हे बघा, प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत जागची हलत नाही. आमच्या घराण्यात पाच दिवसांचा गणपती. पाच म्हणजे पाच. सोमवारी घेऊन जा खोकं."

किशननं डेनिसला इंग्रजीत समजावलं. डेनिसनं मूर्तीकडे पाहून अगदी गंभीरपणे मान झुकवली आणि मला हळूच विचारलं, "त्यांना विचारून बघता येईल का?"

"कोणाला, बाबांना?"

"नाही, त्यांना," आणि त्यानं गणपतीकडे बोट केलं.

आरती सुरू झाली. टाळ मुंबईला राहिले होते ते राहिलेच होते. त्यामुळे आमच्याकडे आई डब्यांची दोन झाकणं वाजवायची आणि बाबा डाव्या हातात पितळी ताट धरून त्यावर भाताचा लाकडी डाव हाणायचे. बाबांचा ठेका पक्का होता, हे मान्य करावंच लागेल. डेनिस पहिल्यांदा थक्क होऊन बघत बसला, मग त्याची टाच चटईवर पडायला लागली, आणि किशननं तर खिशातून अंगुस्तानं काढून आमच्या किसणीवर घासायला सुरुवात केली. आईनं अंगुस्तानं ओळखली. झाकणं वाजवता वाजवताच तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आरतीचं एक कडवं गाळलं. संपल्यावर डेनिस उभा राहिला आणि बाबांना म्हणाला, "सर, तुम्ही तर आमच्याही आधीपासून स्किफल वाजवताय!"

"काय म्हणतोय हा?" बाबांना इंग्रजी चांगलं येत होतं, पण ऐकायचं नसलं की ते दुसऱ्याला विचारायचे.

आई म्हणाली, "खोकी बडवणं म्हणजे संगीत नव्हे म्हणता ना? मग तुमच्या हातात काय आहे?"

बाबांनी डावाकडे पाहिलं आणि तो खाली ठेवला. "ते वेगळं. हे देवासाठी आहे."

"और हमारा खलाशी लोगों के लिए, अंकल," किशन म्हणाला. त्याच्या तोंडात मोदक होता.

हसले सगळे, बाबासुद्धा. पण पाच म्हणजे पाच. मुलं निरोप घेऊन गेली. जिन्यात डेनिस म्हणाला, "शनिवारी दुपारपर्यंत वाट बघतो." मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले. देवावर चिडायचं की आईवर, ते ठरत नव्हतं, म्हणून आळीपाळीनं दोघांवर चिडले.

शुक्रवारी शाळेतून आले तर घरात मोदकांचा वास नव्हता. आई दह्यात पोहे कालवत होती. पोहे मुंबईहून आलेले, ती ते सोन्यासारखे पुरवून वापरायची. बाबा आले, हातपाय धुऊन देवापुढे बसले, आणि आईनं तो दहीपोह्यांचा द्रोण आणून त्यांच्या समोर ठेवला. आपल्याकडे गणपती निघताना वाटेत खायला बरोबर देतात, तो.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"शिदोरी."

"आज?"

"आज. माझ्या माहेरी दीड दिवसाचा असतो."

"अगं, पण आपल्याकडे..."

"आपल्याकडे नाही, तुमच्याकडे." आईचा आवाज चढलेला नव्हता. "माती मी मळते, मूर्ती मी करते, डोळे मी काढते. लग्न झाल्यावर पहिल्या गणपतीत तुमच्या आत्या सगळ्या पंगतीसमोर म्हणाल्या, यांच्याकडे देवाला दीड दिवसात हाकलून देतात. मी खाली मान घालून वाढत राहिले. तेव्हापासून तुमचे पाच दिवस केले, एकदाही कुरकुरले नाही. एक वर्ष माझ्या माहेरचा होऊ दे. त्यात पोरीचंही काम होत असेल तर होईल."

मी दाराशी उभी होते. आजवर मी हा किस्सा सगळ्यांना असा सांगत आले, की माझ्या आईनं माझ्या बँडसाठी देवाला लवकर पोचवलं. लिहिताना कळतंय की त्या वाक्यात मी शेवटी आले होते.

बाबांनी समईची वात पुढे सारली. बाहेर तोफूवाला येऊन गेला. मग ते म्हणाले, "अक्षता दे." त्यांनी उत्तरपूजा केली, मूर्ती जागची हलवली.

ट्रामनं आम्ही होन्मोकूला गेलो. तेव्हा तिथे किनारा होता, आता सगळं भराव टाकून बुजवलंय. बाबा मूर्ती मांडीवर घेऊन बसलेले, समोरच्या आजीबाईंनी ती पाहून कमरेत वाकून नमस्कार केला, बाबांनी बसल्या बसल्या उलट नमस्कार केला, त्यांनी पुन्हा केला, आणि हे थांबवायचं कोणी ते न कळल्यामुळे दोघं उतरेपर्यंत वाकत राहिली. आईनं मूर्ती पाण्यात सोडली तेव्हा ती गुडघाभर पाण्यात, पदर खोचून, एकटी पुढे गेली होती. बाबा काठावर चपला सांभाळत उभे राहिले.

शनिवारी दुपारी पेटी क्लबात पोचली. रॉय आपला डबल बास घेऊन पडद्यामागे तयारच उभा होता. खोक्याकडे बघून तो मोठ्यानं हसला, पण बाजूला झाला. कागद काढायला वेळ नव्हता, आणि आत वर्खाच्या सुरकुत्यांत अक्षता अडकल्या होत्या. पहिला ढुम झाला आणि मागोमाग खुळखुळ. मी घाबरून थांबले. डेनिस वळून ओरडला, "थांबू नकोस, हेच हवंय!" मग ढुम-खुळ, ढुम-खुळ, किशनचा पत्रा वर खसखसतोय, आणि समोर ते सगळे दाढीवाले, गोंदवलेले, बियर प्यायलेले खलाशी जमिनीवर बूट आपटायला लागले. तिसऱ्या रांगेत आई आणि बाबा ताठ बसलेले. दुसऱ्या गाण्यात तात माझ्या सोललेल्या बोटांत रुतली, तिसऱ्यात पेटीवरचा पाय बधिर झाला. मी मात्र त्या दहा-बारा मिनिटांत जेवढी उंच होते तेवढी नंतर कधीच नव्हते. आरडाओरडा झाला, टोप्या उडाल्या. पाद्रीबाईंनी आईला विचारलं, आवडलं का? आईनं आपल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "माय डॉटर. वन लेग, फुल टाइम."

परत येताना ट्राममध्ये बाबांनी माझी बोटं पाहिली, रुमाल बांधला, आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या वर्षी मात्र पाच दिवस."

आई खिडकीबाहेर बघत होती. "बघू," ती म्हणाली.

डेनिसच्या वडिलांची बदली झाली, किशन पेढीवर बसला, विजेच्या गिटारी आल्या आणि खोक्यांचं राज्य संपलं. पण ते 'बघू' टिकलं, आणि माझ्याबरोबर माझ्या सासरीही आलं. यंदाही आमच्या फ्लॅटमध्ये गणपती बसला. दुकानातली मूर्ती, थर्मोकोलचं मखर, शेजारपाजारची सगळी पुण्या-मुंबईची इंजिनिअर मंडळी दर्शनाला. कोणीतरी विचारलं, "काकू, तुमच्याकडे दीडच दिवस?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या सूनबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हो ना, आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या दीड दिवसाचाच आहे. फार कडक आहे आमच्याकडे. त्यात बदल चालत नाही."

मी त्या पाहुण्याला आणखी एक मोदक वाढला.